लाँचरला परवानगी, खेळाला बंदी: मुलाच्या संगणकावरच्या वेळमर्यादेचं काय करावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण घरची परिस्थिती आधी सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

आम्ही सांगलीत राहतो. मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, घरी पोचायला रात्रीचे साडेआठ होतात. नवऱ्याची नोकरी फिरतीची. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत घरात सासूबाई आणि दोन मुलं. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. संगणक एकच, हॉलमध्ये, विंडोज ११ वाला. विंडोजचं खातंही एकच, सगळे तेच वापरतात.

मुलगा माइनक्राफ्ट खेळतो, जावा एडिशन. खेळतो म्हणजे बांधत बसतो. सध्या त्याचा सांगलीचा, कृष्णेवरचा आयर्विन पूल चालू आहे. कमानी नीट बघायला बाबांबरोबर पुलावर जाऊन आला, वहीत आकृती काढून आणली, आणि आता दगडाचे ठोकळे रचतोय. एका खांबावर त्यानं ४० फुटांच्या जागी पिवळा आणि ४५ फुटांच्या जागी लाल ठोकळा लावलाय, इशारा पातळी आणि धोका पातळी. २०१९ च्या पुरात तो अगदी लहान होता, पण तेव्हापासून दर पावसाळ्यात घरात पुलाच्या फुटांवरच बोलणं चालतं, ते त्यानं उचललंय. एवढं सांगायचं कारण, "गेम काढून टाका" हा सल्ला मला नकोय. वेळेला मर्यादा हवी, नको ती माणसं त्याच्याशी बोलायला नकोत, आणि त्यानं बांधलेलं त्याच्या हातात राहायला हवं. इतकंच मागते आहे.

संगणक घेतला तेव्हा दुकानदाराच्या माणसानं पालकांसाठीचं एक विकतचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. वर्षाची वर्गणी आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण चूक त्याची की मांडणीची हे मला अजून कळलेलं नाही. शिवाय विंडोजची स्वतःची फॅमिलीची सोयही त्यानंच चालू करून ठेवली होती. म्हणजे राखण दोघांची, आणि घोटाळा असा:

माइनक्राफ्ट लाँचरला मी रोज एक तास दिला. मुलगा लाँचर उघडतो, प्ले दाबतो, लाँचर आपोआप मिटतो आणि खेळ सुरू होतो. रात्री अहवाल बघावा तर माइनक्राफ्ट जेमतेम काही मिनिटं, आणि खाली "ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी" नावाचं काहीतरी चांगलं दोन तास. हे काय आहे? बंद करू का?

मग "परवानगी नसलेलं काहीच चालू देऊ नका" असा पर्याय सापडला, तो लावला. आता लाँचर उघडतो, प्ले दाबलं की हिरवी पट्टी भरते आणि पुढे काहीच होत नाही.

रोब्लॉक्स या दुसऱ्या, नेटवरच्या खेळाचं आणखी वेगळं. परवानगी दिली की छान चालतं, आणि काही दिवसांनी पुन्हा अडतं. पुन्हा माझ्या फोनवर विनंती. ती येते तेव्हा मी काउंटरला असते. समोरच्या आजोबांना इन्सुलिनचं पेन कसं धरायचं ते दाखवत असते, फोन थरथरत असतो, आणि मला माहीत असतं की घरी मुलगा आजीच्या मागे लागलाय, "आईला सांग ना हो म्हणायला." घाईत काय कशाला परवानगी देतेय ते वाचायलाही होत नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे वेळ संपली की खेळ डोळ्यांदेखत नाहीसा होतो. परवा दोन कमानी बांधून झाल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी नव्हत्या. पोरगं रडलं. वेळ संपली याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं, काम गेलं याचं वाटलं होतं, आणि मला ते रास्त वाटतं.

मुलीच्या स्टीमची, म्हणजे खेळ विकत घेऊन चालवायच्या ॲपची, खिडकी तर नुसती काळी दिसते. दुकानदार म्हणतो, "खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर करून टाका, सगळं सुरळीत चालेल." कशाच्या जोरावर सुरळीत चालेल, ते तो सांगत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

राजारामपुरी

ताई, आम्ही घरी एकच केलंय. आठ वाजता राउटर बंद. ना सॉफ्टवेअर, ना वर्गणी. मुलांना सवय झाली. तुमच्या सासूबाईंनाही जमेल, बटणच दाबायचं आहे.

खटपट्या

मी दोन शाळांच्या संगणक प्रयोगशाळा सांभाळतो आणि घरी दोन मुलं आहेत, त्यामुळे हा विषय दोन्हीकडून बघतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी राजारामपुरींचं. राउटर बंद केल्यावर रोब्लॉक्स थांबेल, कारण तो सगळा इंटरनेटवरच चालतो. माइनक्राफ्टमध्ये एकट्यानं खेळायचं जग मात्र संगणकातच असतं, ते नेट नसताना निवांत चालतं. आणि मुलगी नववीत आहे, आठनंतर तिला नेट लागणार. त्यामुळे या घरात तो उपाय लागू पडेल असं वाटत नाही.

आता मूळ दुखणं. लाँचर आणि खेळ हे दोन वेगळे प्रोग्रॅम असतात. लाँचरचं काम म्हणजे खातं तपासायचं, नवीन फाइली उतरवायच्या, खेळ सुरू करून द्यायचा. लग्नाच्या हॉलच्या दारातला माणूस असतो तसा. त्यानं आत सोडलं की त्याचं काम संपलं; त्याच्यासमोर घड्याळ लावून आत पंगत किती वेळ चालली ते कळणार नाही. तुम्ही तास दिला तो दारातल्या माणसाला.

जावा एडिशन जावा भाषेत लिहिलेलं आहे. म्हणून प्रत्यक्ष खेळ चालतो तो जावाडब्ल्यू नावाच्या प्रोग्रॅममधून, जो लाँचर स्वतःबरोबर घेऊन येतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये त्याचंच नाव ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी असं दिसतं. म्हणजे तुमच्या अहवालातले ते दोन तास म्हणजे आयर्विन पूल. व्हायरस नाही. आणि "परवानगी नसलेलं काहीच नको" म्हटल्यावर लाँचरला परवानगी होती, याला नव्हती, म्हणून पट्टी भरून गाडी थांबली.

बरं, या एका नावाला परवानगी देऊन प्रश्न मिटतो का? कायमचा नाही. माइनक्राफ्टची आवृत्ती बदलते तशी त्याला लागणारी जावाही बदलते. १.१७ ला जावा १६ लागत होती, १.१८ ला १७, आणि १.२०.५ पासून २१. लाँचर ती वेगळ्या फोल्डरात उतरवतो. जे सॉफ्टवेअर फाइलचा पत्ता बघून परवानगी देतं, त्याच्या दृष्टीनं तो नवा अनोळखी प्रोग्रॅम असतो. रोब्लॉक्समध्ये हीच गोष्ट फार लवकर लवकर होते. तो वापरणाऱ्याच्या ॲपडेटा फोल्डरात, व्हर्जन्सच्या आत बसतो, आणि प्रत्येक अपडेटला तिथल्या फोल्डराचं नाव बदलतं, पुढे लांबलचक अक्षरं-आकडे. तुम्ही काल ज्या पत्त्याला हो म्हणालात, तो पत्ता आज नसतो. काउंटरवर फोन थरथरतो तो यामुळे.

यातून माझं मत असं झालंय की खेळागणिक घड्याळ लावायच्या भानगडीत पडूच नये. घड्याळ एकाच जागी हवं, आणि ते म्हणजे मुलाचं विंडोज खातं. संगणकावर तो किती वेळ आणि कधीपासून कधीपर्यंत बसू शकतो, एवढंच तिथे ठरवायचं. मग लाँचर असो, जावा असो, रोब्लॉक्सचं नवं फोल्डर असो, फरक पडत नाही. त्या वेळात काय खेळायचं, ते तो ठरवेल. कोण त्याच्याशी बोलू शकतं, कुठला मजकूर दिसतो, पैसे खर्च होतात का, हे मात्र विंडोजला कळत नाही. ते त्या त्या खेळाच्या खात्यातच लावायला हवं.

त्यासाठी सगळ्यात आधी खाती वेगळी करा. एक तुमचं, ॲडमिनिस्ट्रेटर, ज्याचा पिन मुलांसमोर टाइप करायचा नाही. दोन्ही मुलांची स्वतंत्र, साधी. मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीची, म्हणजे तुम्ही म्हणता त्या विंडोजच्या फॅमिलीच्या सोयीची, वेळमर्यादा मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला लागते. संगणकापुरतं उघडलेलं लोकल खातं असेल तर ती लागूच होत नाही. प्रत्येक वाराला वेगळे तास आणि वेगळी वेळ ठेवता येते, म्हणजे शाळेच्या दिवशी समजा पाच ते सात या वेळात एक तास, रविवारी जास्त. वेळ वाढवून मागितली तर तुमच्या फोनवर येईल, पण आता ती एकच साधी विनंती असेल: अजून थोडा वेळ. काय उघडतंय, कुठली फाइल, हे वाचायची गरज नाही.

ॲडमिनिस्ट्रेटर करून टाका म्हणणाऱ्याचं ऐकू नका, हे ठासून सांगतो. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यावरून पालकांचं सॉफ्टवेअर काढता येतं, आणखी खाती उघडता येतात. "सुरळीत" होतं ते अडवणारंच कुणी उरत नाही म्हणून. शिवाय मुलं मॉड, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या जोडफाइली, उतरवतात. जून २०२३ मध्ये कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या ठिकाणच्या काही मॉडमध्येच फ्रॅक्चरायझर नावाचं मालवेअर शिरलं होतं, संगणकात साठवलेले पासवर्ड चोरणारं. ज्या संगणकावर घरातल्या कुणाचंही बँकेचं काम होतं, तिथे सहावीतल्या मुलाच्या हातात पूर्ण अधिकार नकोत आणि अँटीव्हायरसला "हे फोल्डर बघू नकोस" असंही सांगू नका, कुठल्याही व्हिडिओत कुणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी.

आणि दोन पालक-सॉफ्टवेअर एकत्र ठेवू नका. एक हो म्हणतं, दुसरं नाही म्हणतं, आणि अडलं कुणामुळे ते शोधण्यात तुमची संध्याकाळ जाते.

कृष्णाकाठ

खटपट्या, मनापासून आभार. पहिल्यांदाच कुणी तरी हे का होतं ते सांगितलं. दुकानात आणि फोनवरच्या मदतकेंद्रात मला फक्त "रीस्टार्ट करा" मिळालं होतं.

दोन गोष्टी विचारते. नवीन खातं केलं की त्याचा पूल तिकडे दिसेल का? हे त्याला विचारायच्या आधी मला माहीत हवं, कारण "दिसेल बहुतेक" असं सांगून मी हात लावणार नाही. आणि काम नाहीसं होण्याचं काय? खात्याची वेळ संपली तरी तेच होणार ना?

दुसरं, माइनक्राफ्ट माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून विकत घेतलंय. तेच लाँचरमध्ये लॉगिन आहे. चालेल ना?

खटपट्या

आपोआप दिसणार नाही. विचारलंत ते बरं झालं. जगं ज्या त्या विंडोज खात्याच्या फोल्डरात, डॉट माइनक्राफ्टच्या आत सेव्ह्ज नावाच्या फोल्डरात असतात. पण शोधाशोध करायला नको. जुन्या खात्यातून खेळ उघडा, सिंगलप्लेअरमध्ये त्याचं जग निवडा, खाली एडिट आहे, त्यात मेक बॅकअप. झिप फाइल तयार होते. ती पेनड्राइव्हवर घ्या. नव्या खात्यात एकदा लाँचर चालवून खेळ उघडून बंद करा, म्हणजे तिथे फोल्डर तयार होतं, आणि ती झिप सेव्ह्जमध्ये सोडवा. झिपच्या आतलं जगाचं फोल्डर थेट सेव्ह्जमध्ये यायला हवं, फोल्डरात फोल्डर झालं तर यादीत दिसत नाही. नव्या खात्यात पूल उघडून, त्याच्यावरून चालून बघितल्याशिवाय जुनं काही पुसू नका. आणि हे सगळं मुलाला शेजारी बसवून करा. त्याचं काम आहे, कुठे राहतं ते त्याला कळायलाच हवं. पुढे महिन्यातून एकदा तोच बॅकअप घेईल.

कमानी गेल्या त्या अशा: माइनक्राफ्ट अधूनमधून आपणहून सेव्ह करतं, पण मधलं काम मेमरीत असतं. बाहेरच्या सॉफ्टवेअरनं प्रोग्रॅम थेट मारला की शेवटच्या सेव्हनंतरचं गेलं. "सेव्ह अँड क्विट" दाबून बाहेर पडलं की काही जात नाही. फॅमिली सेफ्टी वेळ संपत आल्याची सूचना देते. पण खेळ पूर्ण पडद्यावर असेल तर विंडोज सूचना दाबून ठेवते, अशी तिची मूळची मांडणी आहे, आणि मुलाला काहीच दिसत नाही. एफ ११ दाबून खेळ खिडकीत चालवायला सांगा. त्यापेक्षाही सोपं, सासूबाईंजवळ स्वयंपाकघरातला टायमर द्या, संगणकाच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी वाजेल असा. तो वाजला की सेव्ह अँड क्विट. संगणकाचं कुलूप हे त्यानंतरचं. रोज तिथपर्यंत जायची पाळी येऊ नये.

तुमच्या खात्यानं लॉगिन मात्र चालवू नका. लाँचरला विंडोजवर कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नाही. आत कुठलं मायक्रोसॉफ्ट खातं आहे ते बघतो. तुमचं खातं प्रौढ माणसाचं, म्हणजे मल्टिप्लेअर, चॅट, सगळं खुलं. मुलगा कुठल्याही सर्व्हरवर जाऊ शकतो आणि तिथल्या लोकांना त्याचं वय कळायला मार्ग नाही. मुलाच्या खात्यावर खेळ असेल तर एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्याच खेळांच्या सेवेच्या कुटुंबाच्या सेटिंगमध्ये मल्टिप्लेअरला परवानगी द्यायची की नाही, बोलायचं कुणाशी, हे तुम्ही ठरवता. नाही म्हटलंत तर सर्व्हरवर जाताना "मल्टिप्लेअर बंद आहे, मायक्रोसॉफ्ट खात्याची सेटिंग तपासा" असा संदेश येतो. तो बिघाड नाही, तुमचाच नियम आहे. मुलाला आधी सांगून ठेवा. अडचण एवढीच की विकत घेतलेला खेळ एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर नेता येत नाही. तुमच्या घरी मुलाच्या नावानं पुन्हा घ्यावा लागेल. खर्च आहे, तरी मी घेईन. तोवर तुमच्या खात्यानं खेळायचं तर फक्त सिंगलप्लेअर, आणि संगणक हॉलमध्ये आहे तो हॉलमध्येच राहू द्या.

एक लक्षात असू द्या. ७ जून २०२२ पासून संगणकासाठी जावा आणि बेडरॉक या माइनक्राफ्टच्या दोन्ही एडिशन एकत्रच मिळतात. म्हणजे तुमच्याकडे दुसरं माइनक्राफ्टही आहे, ते वेगळ्या प्रोग्रॅममधून चालतं. फक्त जावाला मर्यादा घालणाऱ्या घरांत मुलं तिकडे जातात. खात्यालाच वेळ लावली की हाही प्रश्न राहत नाही.

गोदाघाट

कृष्णाकाठ, रोब्लॉक्सबद्दल मी लिहिते, कारण आमच्या घरी तोच मुख्य आहे. मुलगी दहा वर्षांची.

सगळ्यात आधी एक करा: त्याच्या रोब्लॉक्स खात्यात जन्मतारीख काय टाकली आहे ते बघा. मुलं खातं उघडताना मोठं वर्ष टाकतात, मित्रांनी सांगितलेलं असतं. तारीख प्रौढाची असेल तर मुलांसाठीची बरीचशी बंधनं त्या खात्याला लागत नाहीत, आणि तुम्ही विंडोजवर कितीही राखण ठेवली तरी आतली दारं उघडी राहतात. आमच्या सोसायटीतल्या मुलांची खाती बघितली तेव्हा हेच निघालं.

नोव्हेंबर २०२४ पासून पालकाला स्वतःचं रोब्लॉक्स खातं काढून ते मुलाच्या खात्याला जोडता येतं. त्यासाठी ओळखपत्रानं किंवा क्रेडिट कार्डानं आपण प्रौढ असल्याचं पटवून द्यावं लागतं. एकदा जोडलं की आपल्या फोनवरून रोजची वेळ, मित्रांची यादी, खर्च आणि कुठल्या पातळीपर्यंतचे खेळ दिसावेत ते ठरवता येतं. या पातळ्या चार आहेत: मिनिमल, माइल्ड, मॉडरेट, रिस्ट्रिक्टेड. मी माइल्डवर ठेवलंय. आणि मित्रांच्या यादीत फक्त ज्यांना ती शाळेत भेटते ती मुलं.

खटपट्या म्हणतात की घड्याळ एकाच जागी ठेवा. संगणकापुरतं पटतं, पण रोब्लॉक्स टॅबवर आणि आजीच्या फोनवरही चालतो, तिथे विंडोजचं घड्याळ पोचत नाही. म्हणून मी फक्त रोब्लॉक्ससाठी त्याच्या स्वतःच्या खात्यातही वेळ लावते, संगणकापेक्षा थोडी कमी. म्हणजे आधी खेळ संपतो, संगणक चालू राहतो, आणि भांडण होत नाही.

वेबसाइटचं गाळण लावलं असेल तर तेही तपासा. फॅमिली सेफ्टीचं गाळण एज ब्राउझरमध्येच चालतं, म्हणून ते लावलं की इतर ब्राउझर अडवले जातात. रोब्लॉक्सच्या साइटवरून प्ले दाबणारं मूल क्रोमवर असेल तर सुरुवातच होत नाही. आणि "फक्त या साइट उघडा" अशी यादी केली असेल तर लॉगिनच्या वेळी समोर माणूसच आहे ना हे तपासणारं जे कॅप्चाचं चित्र येतं ते भलत्याच पत्त्यावरून येतं, यादीत नसल्यानं पान पांढरं राहतं. मी यादी काढून टाकली, साधं गाळण ठेवलं.

खटपट्या

गोदाघाट यांची दुरुस्ती मान्य. जे खेळ फोनवरही चालतात त्यांना आतलं घड्याळ हवंच.

मुलीच्या स्टीमचं राहिलं. स्टीमची सगळी खिडकी आतून एक ब्राउझरच आहे, स्टीमवेबहेल्पर नावाचा प्रोग्रॅम ती रंगवतो. त्याला परवानगी नसली किंवा तुमचं विकतचं सॉफ्टवेअर त्याच्या नेटच्या वाटेत बसलं असलं की खिडकी काळी. आणि हेही ध्यानात घ्या की त्या आतल्या ब्राउझरला एजमधलं गाळण लागत नाही, दुकान आणि कम्युनिटीची पानं तशीच दिसतात. त्यासाठी स्टीम फॅमिलीज वापरा, सप्टेंबर २०२४ पासून सगळ्यांना खुलं आहे. तुम्ही प्रौढ, ती मूल म्हणून जोडायची. एका कुटुंबात सहा जण मावतात. कुठले खेळ दिसावेत, दुकान आणि चॅट दिसावं का, रोज किती वेळ, हे तुम्ही ठरवता, आणि वाढीव वेळेची विनंती स्टीमच्या फोन ॲपवर येते. तिला खाजगीपणाही हवा असेल या वयात, म्हणून तिच्याशी बसून ठरवा. मुलाला सध्या यात घेऊ नका. १३ वर्षांखालच्यांसाठी स्टीम नाही, त्यांच्या करारातच तसं आहे. आणि घरच्यांचे खेळ वाटून खेळता येतात खरे, पण तुमच्या प्रतीवर खेळताना कुणी फसवणूक करून पकडलं गेलं तर त्या खेळात तुमच्यावरही बंदी येते. हे मुलीला सांगून ठेवा.

घरभर सगळ्या उपकरणांना ढोबळ गाळण हवं असेल तर राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा पत्ता टाका. अश्लील आणि घातक साइट तिथेच अडतात, पैसे लागत नाहीत, आणि लाँचरच्या कामात सहसा अडथळा येत नाही.

कृष्णाकाठ

रविवारी सगळे घरी होतो, बसून केलं. तीन खाती झाली. बॅकअप मुलानंच घेतला, मी फक्त वाचून दाखवत होते. झिप सोडवताना फोल्डरात फोल्डर झालंच होतं, यादीत जग दिसेना, तेव्हा तुमचं वाक्य आठवलं आणि आतलं बाहेर काढलं. पूल आला. तो पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेला आणि म्हणाला, लाल ठोकळा आहे.

रोब्लॉक्सच्या खात्यात जन्मवर्ष २००१ निघालं. गोदाघाट, तुमचे किती आभार मानू. ते खातं बंद करून खऱ्या तारखेनं नवीन काढतोय, त्याला त्याच्या खेळात जमवलेल्या टोप्या जाणार याचं वाईट वाटतंय, पण कारण सांगितल्यावर ऐकलं. मित्रांच्या यादीत त्याला स्वतःलाच माहीत नसलेली नावं होती, ती त्यानंच मला दाखवली.

सासूबाईंना टायमर आवडला. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापेक्षा सोपं म्हणाल्या. माइनक्राफ्ट त्याच्या नावानं दिवाळीत घेऊ, तोवर सिंगलप्लेअर.

आता एकच: विकतचं सॉफ्टवेअर काढायचंय. दुकानदार म्हणतो फोल्डर डिलीट करा. तसं करू का?

खटपट्या

नको. अशी सॉफ्टवेअरं नेटच्या मार्गात आपलं गाळण बसवून ठेवतात. फोल्डर पुसलं तर प्रोग्रॅम जातो, गाळण राहतं, आणि मग संगणकाचं नेटच चालेनासं होतं. तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये जाऊन अनइन्स्टॉल करा. ते पालकाचा पासवर्ड मागेल, तो दुकानदाराकडे असेल तर आधी घ्या. झाल्यावर संगणक बंद करून चालू करा आणि मुलीच्या खात्यातून स्टीम उघडून बघा, काळी खिडकी जायला हवी. आणि काढण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन वर्गणीचं आपोआप नूतनीकरण बंद करा. प्रोग्रॅम काढला म्हणून कार्डावरून पैसे जायचे थांबत नाहीत.